अकरा बोटांचा हातचा

९ जून

प्रिय पंच,

तुझं पत्र पोचलं. चांगलं लांबलचक आहे. आईनं ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि वर मलाच सुनावलं, "बघ, एवढ्या कामाच्या धबडग्यातून बहिणीसाठी वेळ काढतो तो. तू उगाच त्याच्या नावानं खडे फोडतेस." तुझ्या बाजूनं ती बोलायला लागली की तिच्यापुढे कुणाचं चालतं?

कौतुक वाचून मला मात्र ओशाळल्यासारखं झालं. "गणिताच्या इतिहासातील मानवी पैलू आपण अत्यंत हृद्य रीतीने उलगडला आहे." आपण? मी तुझी ताई आहे की एखाद्या समारंभाची प्रमुख पाहुणी? आणि "हृद्य" हा शब्द तू जन्मात कधी तोंडातून काढला नाहीस. तुझं कौतुक म्हणजे "ताई, हे जमलंय", बास. साहेब झाल्यावर माणसाची भाषाही सुटाबुटात जात असेल, असं म्हणून मी सोडून दिलं.

पण मुख्य गोष्ट राहिलीच. खोटं कुठं आहे ते तू सांगितलंच नाहीस!

परवा प्रकाशक विचारत होते, "बाई, पुस्तक छपाईला सोडायचं ना?" मी म्हटलं, माझ्या पंचाचा निकाल येऊ दे. त्यांना काही बोध होईना, मग सगळी कथा सांगावी लागली. लहानपणी मी तुझे पाढे घ्यायची तेव्हा तू बसल्या बसल्या पेंगायचास, म्हणून मी मुद्दाम मधेच एक चुकीचा ठोकून द्यायची. सात आठे चोपन्न! तू डोळे न उघडताच ओरडायचास, "खोटं!" तिथून तुझं नाव पंच पडलं. पुढं पुस्तकं लिहायला लागले तरी माझी खोड गेली नाही. दर पुस्तकागणिक तुझ्या प्रतीत एक खोटी गोष्ट पेरायची आणि तू ती हुडकायची. छापायच्या प्रतीत ती कधीच नसते, ती फक्त तुझ्यासाठी. तुला ती सापडली की मला कळतं, तू ओळ न ओळ वाचलंस. आजवर एकही सुटली नाही. मागच्या पुस्तकात शून्याच्या प्रकरणात मी एका व्यापाऱ्याच्या गाढवाला नाव दिलं होतं, तर तू त्याच संध्याकाळी फोन करून म्हणालास, "ताई, गाढव खोटं." हे ऐकून प्रकाशक हसून हसून बेजार झाले. म्हणाले, "असा एक वाचक मलाही मिळवून द्या."

तू लिहितोस की ताडणाऱ्यांचं प्रकरण तुला सगळ्यात मोलाचं वाटलं. वाटायलाच हवं. यंत्रं येण्याआधी "गणक" हा माणसांचा पेशा होता, हे लोकांना सांगूनही पटत नाही. घरच्या टेबलाशी बसून खलाशांसाठी चंद्राची स्थानं काढून देणारी माणसं होती ती, त्यात बायकाही होत्या. एकच गणित दोघांना वेगवेगळं करायला द्यायचं आणि तिसऱ्यानं दोन्ही उत्तरं ताडून बघायची. एकदा दोन गणकांनी गुपचूप एकमेकांचं उतरवलं आणि ते उघडकीला आलं. दोघांचंही काम गेलं. ते प्रकरण लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे तूच होतास, माझा ताडणारा.

आणि ज्या परिच्छेदावर तू सर्वांत जास्त भाळलास, "डोळ्यांच्या कडा ओलावल्या" वगैरे, तो बघून मी गालातल्या गालात हसले. नाटकी आहेस. खोटं नेमकं तिथंच आहे आणि तुला ते कळलेलं आहे, फक्त मला झुलवायचंय. चल, पुरे आता. एका ओळीत निकाल कळव म्हणजे पुस्तक छपाईला जाऊ दे. या वेळी मुद्दाम सोपं ठेवलं होतं. तुझ्याचसाठी ठेवलं होतं.

आईचे डोळे तसेच आहेत. अक्षरं दिसत नाहीत, पण माझ्या कपाळावरची आठी बरोबर दिसते.

तुझी
ताई


२ जुलै

पंच,

मी प्रश्न विचारला होता. त्यावर तुझ्याकडून दोन ओळी आल्या, "आपला अभिप्राय मोलाचा आहे. योग्य ती दखल घेतली जाईल." मी हसले होते. आज हसायला येत नाहीये.

आमच्या शाळेच्या वाचनालयात तुमच्या कंपनीची बोलकी पेटी आली आहे. तुम्ही तिचं नाव काय ठेवलंय ते कुणाच्या लक्षातही राहत नाही, सगळे तिला "मास्तर" म्हणतात. मुलं काहीही विचारतात आणि मास्तर न रागावता उत्तर देतात. मी बरीच वर्षं रागावून उत्तरं देत आलेय, त्यामुळे माझ्यापेक्षा त्यांच्याकडे गर्दी जास्त. असो. तुझ्या हातची वस्तू म्हणून मी चार जणांत मिरवलंसुद्धा, "माझ्या भावानं केलीय ती."

आज ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "तुमच्याच विषयातलं काहीतरी विचारा की. बघू, कोण वरचढ ते." मी विचारलं, जुन्या काळचे गणक काम कसं करायचे?

पहिल्या वाक्याला वाटलं, बरं बोलतोय की. दुसऱ्याला वाटलं, हे कुठंतरी ऐकलंय. तिसरं वाक्य पेटीच्या आधी मीच मनात पुरं केलं. "ताडणाऱ्याला आकडेमोड शिकवत नाहीत, त्याला फक्त संशय घ्यायला शिकवतात." आईच्या औषधाच्या रांगेत उभी असताना मला ते सुचलं होतं. कागद नव्हता म्हणून तळहातावर लिहून घरी आणलं होतं. तेच वाक्य ती पेटी माझ्यासमोर, जराही न अडखळता, स्वतःचं असल्यासारखं बोलली.

तरी म्हटलं, सगळ्या जगाच्या डोक्यात एकच वाक्य येऊ शकतं. म्हणून पुढचं विचारलं. चंद्राची कोष्टकं करणाऱ्या त्या गणक बाईच्या घरी आणखी कोण राहायचं?

आणि मास्तरनं तुझं खोटं सांगितलं. तुझ्या प्रतीत, तुझ्यासाठी पेरलेलं. माझ्याच शब्दांत, मी जिथं स्वल्पविराम दिलाय तिथं थांबून.

ग्रंथपाल बाई विरघळल्या. "किती गोड! हे खरं आहे का हो?" मी म्हटलं, "मास्तरांनाच विचारा." त्यांनी विचारलं. पेटी म्हणाली, "होय. याबद्दल विश्वासार्ह माहिती उपलब्ध आहे."

ही पेटी विचार कसा करते ते तूच एकदा आईला समजावलं होतंस. म्हणाला होतास, ती ढीगभर वाचते आणि मग एका शब्दानंतर कोणता शब्द येईल याचा अंदाज बांधत जाते. आई म्हणाली होती, "म्हणजे अंदाजपंचे दाहोदर्शे." आपण तिघंही हसलो होतो. अंदाज मला मान्य आहे. पण जी गोष्ट साऱ्या जगात एकाच ठिकाणी लिहिलेली आहे, ती तिच्या सगळ्या स्वल्पविरामांसकट अंदाजानं येत नाही. ती कुणीतरी भरवावी लागते. आणि ते एकच ठिकाण तुझ्याकडे होतं.

कुंपणानंच शेत खाल्लं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मला फोन कर. "ताई, तुझी काहीतरी गफलत होतेय" एवढंच म्हण. मी विश्वास ठेवायला एका पायावर तयार आहे.

ताई


१९ जुलै

मुख्य अभियंता साहेब यांस,

तुम्ही मला "आपण" म्हणता तेव्हा मीही रीत पाळते.

तुमचा फोन आला होता. तुमचं म्हणणं मी विसरलेले नाही, पण तुम्ही विसरला असाल म्हणून लिहून ठेवते. तुम्ही म्हणालात, "ताई, आपल्या भाषेत सोपं, नेटकं विज्ञान लिहिलेलं आहेच किती? पेटी नुसती भाषांतरातल्यासारखी बोलायची. तुझं लिखाण घातलं आणि तिला वाचा फुटली. तुला अभिमान वाटायला हवा." मी विचारलं, मला विचारलंस का नाही? तर म्हणालात, "विचारणारच होतो गं, राहून गेलं. आणि तुझा शब्द शाळाशाळांत पोचला की नाही?"

पोचला. पण माझं नाव मधल्या मधे कुठं सांडलं?

तरीही मी त्या दिवशी फोन ठेवताना तुम्हाला "जेवलास का" असं विचारलं. सवय, दुसरं काय.

काल प्रकाशकांनी बोलावून घेतलं. तुम्ही ती खोली पाहिलेली आहे, खालच्या मजल्यावरची, जिथं पुस्तकांच्या गठ्ठ्यांमधून वाट काढत खुर्चीपर्यंत जावं लागतं. हल्ली छपाईआधी प्रत्येक पुस्तक ते एका तपासणीतून काढतात. कुठून उतरवलंय का, यंत्राकडून लिहून घेतलंय का, हे त्यात कळतं म्हणे. जुळणाऱ्या ओळी लाल होतात. माझं पुस्तक त्यांच्या पडद्यावर लालेलाल झालं होतं.

ते म्हणाले, "बाई, मी तुम्हाला आजचा ओळखत नाही. पण हे बघा. मास्तर जे बोलतो तेच तुमच्या पुस्तकात आहे. लोक म्हणतील, बाई थकल्या आणि पेटीकडून लिहून घ्यायला लागल्या."

"अहो, पेटी माझ्याकडून शिकलीय!"

"कशावरून? ती बाजारात येऊन काही वर्षं झाली, दर थोड्या दिवसांनी नवं शिकते. आधी कोण आणि मागून कोण, हे कसं ठरवणार?"

मग मी हुकमाचा पत्ता टाकला. म्हटलं, पेटी एक गोष्ट सांगते जी मी स्वतः रचली आहे. ती कुठल्याच ग्रंथात नाही. तुमच्याकडच्या प्रतीतही नाही. फक्त माझ्या भावाच्या प्रतीत होती. मला वाटलं, झालं, चोर सापडला. जुने कोष्टककार असेच सापडायचे. एकाच्या कोष्टकातली चूक दुसऱ्याच्या कोष्टकात जशीच्या तशी दिसली, की दुसऱ्यानं काय केलंय ते उघड व्हायचं. चुकीएवढा प्रामाणिक साक्षीदार नाही, असं मी पुस्तकात मोठ्या तोऱ्यात लिहिलंय.

प्रकाशक खेदानं हसले. "बाई, ही यंत्रं थापा मारतातच. रोजचं आहे ते. तुमची ती गोष्टही पेटीनं मारलेली थापच, असं कंपनी म्हणेल. मग?"

बघा, म्हणजे तुम्ही लोकांनी खोटं इतकं स्वस्त केलंत की त्यानं चोरसुद्धा पकडता येईना.

मी म्हटलं, माझ्या भावाला विचारा, तो सांगेल. ते म्हणाले, "विचारलं आम्ही." आणि त्यांनी तुमच्या कंपनीचं पत्र पुढं सरकवलं. यंत्राला फक्त खुल्या जागी उपलब्ध असलेलं लिखाण शिकवलं आहे, असं त्यात होतं. आणि पुढं, "लेखिकेने लेखनासाठी आमच्या यंत्राचे साहाय्य घेतले असण्याची शक्यता नाकारता येत नाही."

खाली तुझी सही.

ती सही मी कुठंही ओळखेन. सही करायला शिकलास तेव्हा शेवटच्या अक्षराची शेपटी माझ्या हातानं गिरवून घेतली होती मी. फोनवर कबूल करतोस आणि कागदावर उलटतोस? चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, पण त्या घरातून येतील असं वाटलं नव्हतं. केसानं गळा कापलास रे.

"साहेब" वगैरे जमत नाही मला. मी तुझ्याशीच बोलते.

प्रकाशक या महिनाअखेरपर्यंत थांबतील. मग हे पुस्तक गेलंच, आणि आधीच्या पुस्तकांवरही लोक बोट ठेवतील. मुख्याध्यापिकांनी आत्ताच मला बाजूला घेऊन विचारलं, "तुम्ही मुलांच्या वह्या तरी स्वतः तपासता ना?" त्या गमतीनं म्हणाल्या. मी आयुष्यभरात दुसरं काही मिळवलेलं नाही. बाई लिहितात ते स्वतः लिहितात आणि खरं लिहितात, एवढंच माझ्या नावावर आहे.

तू नोकरीवर पाणी सोड असं मी म्हणत नाही. कंपनीला सांग की तुझ्या हातून चुकून गेलं. तेही जमत नसेल तर निदान एक कर. माझी प्रत घेऊन बस, वाच, आणि खोटं कोणतं ते मला लिहून पाठव. बाकीचं जग गेलं खड्ड्यात. तू माझं पुस्तक खरंच वाचलं होतंस, मग भीतीपोटी किंवा बढतीपोटी घसरलास, एवढं कळलं तरी मी पुढचं सोसेन.

ताई


२८ जुलै

पंच,

तुझी यादी आली.

"प्रिय ताई, मी आपले पुस्तक पुन्हा एकवार बारकाईने वाचले. खालील ठिकाणी तथ्यात्मक त्रुटी संभवतात." आणि खाली चांगली पानभर कलमं. एका गणितीच्या जन्मवर्षाबद्दल मतभेद आहेत. कुठं एका दुर्बिणीच्या भिंगाचं माप ढोबळ दिलंय. एका ठिकाणी "जवळपास" हवं तिथं "साधारण" लिहिलंय. मी सगळी कलमं वाचली. मग पुन्हा वाचली, कारण मला वाटलं माझ्याच नजरेतून सुटलं असेल.

ते त्यात नाही.

मी खुर्चीत बसले आणि मला हळूहळू समजत गेलं. यादी तू केलेली नाहीस. माझी प्रत तू पेटीपुढे टाकलीस आणि म्हणालास, यातलं खोटं शोध. ती बिचारी शोधणार कुठून? ती गोष्ट तिला खरीच वाटते. माझ्याकडूनच शिकलीय ना ती. तिनं दुसऱ्या सगळ्या जगावर संशय घेतला आणि नेमकी ती एक गोष्ट प्रमाण मानून पुढं गेली. दोन गणकांनी एकमेकांचं उतरवलं की ताडायला काही उरतच नाही, दोघांची चूकही सारखीच येते. हे मी तुला पुस्तकभर समजावलंय. पालथ्या घड्यावर पाणी.

आणि मग ते जूनमधलं पत्र काढून बघितलं. "आपण." "हृद्य." "डोळ्यांच्या कडा ओलावल्या." तेही तिनंच लिहिलं होतं ना? तुझे डोळे तर त्या पानावर पडलेच नव्हते. आईनं दोनदा ऐकलं रे ते. दुसऱ्यांदा ऐकताना तिनं पदर लावला डोळ्यांना.

चोरीचं दुःख मोठं असेल असं मला वाटत होतं. नाही. माणूस चोरतो ते त्याला हवं असतं म्हणून, त्यात निदान तेवढा तरी मान आहे. तू तर वाचलंही नाहीस. मी दोन वर्षं एकेक प्रकरण पुरं झालं की तुला पाठवत होते. पाठवलं की दिवसभर फोनजवळ घुटमळायची. "वाचतोय ताई, छान चाललंय" असं यायचं. मी खूश. तू ते न उघडताच पुढं सरकवत होतास, आणि मी तुझ्यासाठी त्यात खाऊ लपवून ठेवत होते.

प्रकाशकांना काय सांगू ते मला कळत नाही. तूर्त काही सांगत नाही.

ताई


३१ जुलै

बाळ,

पंच म्हणत नाही आता. ते नाव तुझ्याकडून परत घेतलं आहे. का ते ऐक.

काल दुपारी आई म्हणाली, "त्या पुस्तकातलं काहीतरी वाच की. भावाला सगळं पाठवतेस, मला एक ओळ ऐकवत नाहीस." खरंच होतं ते. तिला गणितातलं काय कळणार, असं मी गृहीत धरलं होतं. माझ्यासमोर तुझीच प्रत पडलेली होती, यादीशी पडताळायला छापून काढलेली. तीच वाचायला लागले. आई पलंगावर, भिंतीला टेकून, डोळे मिटून. मला वाटलं झोपली. तरी वाचत राहिले.

त्या परिच्छेदाशी आले. तू न वाचलेलं तुला आता वाचून दाखवते.

"त्या गणक बाईकडे एक बोका होता. त्याच्या पुढच्या एका पंज्याला पाच बोटं होती आणि दुसऱ्याला सहा. शेजारची मुलं बेरीज शिकायला यायची तेव्हा ती त्याचे पंजे उघडून मोजायला लावायची. अकरा झाले की म्हणायची, एक लिही, एक हातचा. त्यावरून त्या बोक्याचं नावच हातचा पडलं. त्याचा डावा कान फाटलेला होता, तो पिठाच्या डब्यावर झोपायचा, आणि कुणी पाटीवर गणित मांडलं की बरोबर त्यावरच येऊन बसायचा."

आई डोळे न उघडता म्हणाली, "अगं, हा तर आपला हातचा!"

मी थांबले.

"पिठाच्या डब्यावर झोपून झोपून झाकण वाकवलं होतं मेल्यानं. तो त्या बाईकडे कुठून गेला? काहीतरी खोटं लिहितेस."

खोटं! डोळे मिटून, बसल्या बसल्या, तसंच. मला हसू आलं आणि मग रडू आलं, आणि दोन्ही एकदम आवरता येईना. जे तुझ्यासाठी ठेवलं होतं ते आईला सापडलं. पंच ती आहे. तू तर ज्या बोक्याच्या पंज्यावर हातचा शिकलास, जो गेला तेव्हा तू भाकरतुकड्याला शिवला नव्हतास, तो तुझ्या हातात ठेवला तरी तुला दिसला नाही.

आई मग हसत म्हणाली, "त्यानं वाचलं तेव्हा रडला असेल गं. आहेच तो हळवा."

मी म्हटलं, "हो. फोनवर रडला."

आपलेच दात, आपलेच ओठ. तिला मी काहीच सांगितलेलं नाही. पत्रं मीच वाचून दाखवते, त्यामुळे मी वाचेन तेच तिला ठाऊक. तिच्यापुरता तू अजून तसाच आहेस. तेवढं खोटं मी तुझ्यासाठी पेरलं. ते शोधायला मात्र तिला कुणी शिकवू नये.

मग ती म्हणाली, "त्याचा फोटो आहे की. वर, माझ्या डोक्यावर."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशी गत माझी. आईच्या पलंगामागच्या भिंतीवर इतकी वर्षं लटकलाय तो फोटो, रोज पुसते मी. मागच्या अंगणातला. तू दात पडलेला, हसतोयस, छातीशी बोका धरलाय. फाटका कान स्पष्ट दिसतो. आणि कॅमेऱ्यासमोर मिरवायला म्हणून तू त्याचा उजवा पंजा उघडून धरलायस. बोटं मोजून घ्यावीत इतकी स्वच्छ आलीत. सहा.

मी फोटो खाली उतरवला. आईनं विचारलं कशाला, तर म्हटलं, पुस्तकात घालायचाय. ती इतकी हरखली. "दोघांचं नाव एका पुस्तकात येणार म्हणायचं."

आज सकाळी प्रकाशकांकडे गेले. गठ्ठ्यांमधून वाट काढत खुर्चीत जाऊन बसले, आणि म्हटलं, तुमच्या टेबलावरच्या मास्तरला विचारा, त्या गणक बाईच्या घरी कोण होतं. त्यांनी विचारलं. पेटी बोलली. फाटका डावा कान, पिठाचा डबा, पाच आणि सहा, एक लिही आणि एक हातचा. ती थांबल्यावर मी फोटो पुढं ठेवला.

प्रकाशकांनी चष्मा वर केला, खाली केला. मग फोटोवर बोट टेकवून हळूहळू मोजलं.

"यंत्र थाप मारतं, ते मान्य," मी म्हटलं. "पण थापेत नेमका आमच्या अंगणातला बोका कसा येईल?"

ते म्हणाले, "हा मुलगा कोण?"

मी सांगितलं.

पुस्तक निघतंय. माझ्या नावानं. कंपनीच्या त्या पत्राला प्रकाशक त्यांच्या रीतीनं उत्तर देणार आहेत, आणि त्यात हा फोटोही जाईल. त्याचं तुझ्या नोकरीवर काय व्हायचं ते होईल. मी तुझी बाजू घेणार नाही आणि तुझ्याविरुद्ध एक शब्द वाढवूनही सांगणार नाही. बोक्याला मी प्रस्तावनेत घेतलंय, खरी गोष्ट म्हणून, आमच्या घरातली. सगळ्या पुस्तकात आता एकही खोटं नाही. यापुढं तुझ्या प्रतीतही पेरणार नाही, शोधायला कुणी नाही.

फोटो प्रस्तावनेच्या समोरच्या पानावर येईल. खरं सांगते, तिथं बसूनच मी प्रकाशकांकडे कात्री मागितली होती. म्हटलं, मुलगा कापून टाका, बोका तेवढा ठेवा. ते म्हणाले, तुम्हीच कापा. मी कात्री लावून बघितली, इकडून, तिकडून. जमेना. तो पंजा तू तुझ्या बोटांत उघडून धरला आहेस. तुझा हात काढला तर सहावं बोट जातं.

म्हणून तू राहिलास.

ताई